जमीन कुणाची, माणूस कुठला: मराठी पुस्तकांतल्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

माणसाचं आपल्या जमिनीशी नातं काय, या प्रश्नावर मराठीत गेल्या दीडशे वर्षांत भरपूर लिहिलं गेलं आहे. पण ही पुस्तकं कधी शेजारी शेजारी ठेवली जात नाहीत. ‘शेतकऱ्याचा असूड’ समाजसुधारणेच्या फळीवर जातो, ‘गावगाडा’ समाजशास्त्राच्या, ‘गोतावळा’ ग्रामीण कादंबरीच्या, ‘बलुतं’ दलित आत्मकथनांच्या. धरणग्रस्तांच्या पाहण्या तर अहवालांच्या गठ्ठ्यात गडप होतात. त्यामुळे ही पुस्तकं एकमेकांशी जो वाद घालतात, तो वाचकाला ऐकू येत नाही. तो वाद साधारण असा आहे: जमीन ही मालमत्ता, की कसणाऱ्याचा हक्क, की सगळ्या गावाचा आधार, की गळ्यातलं जोखड? प्रत्येक उत्तरामागे भक्कम पुस्तकं उभी आहेत आणि निकाल अजून लागलेला नाही.

मोजणी आणि असूड

१८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा दख्खनमधले जमिनीवरचे हक्क एकावर एक थर असावेत तसे होते. मिरासदार पिढीजात कसणारा; उपरी बाहेरून आलेला, कराराने कसणारा. पाटील-कुलकर्ण्यांची वतनं, देवस्थानांची इनामं, बलुतेदारांचा खळ्यावरचा वाटा, आणि कुणा एकाचं नसलेलं गायरान. कंपनी सरकारने रयतवारी आणली आणि सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं ठरवलं. प्रिंगलची पहिली मोजणी फसली. मग १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केलं आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. प्रत्येक तुकड्याला सर्वे नंबर, प्रत्येक नंबराला आकार, प्रत्येक आकारापुढे एक नाव. सारा रोखीत भरायचा आणि जमीन गहाण टाकता येते, म्हणून सावकार दारात आला. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, खतं आणि वह्या जाळल्या गेल्या, आणि १८७९मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

या घटनांचा अर्थ काय, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. रविंदर कुमार यांच्या मांडणीत रयतवारीने गावाची जुनी घडी मोडली आणि सावकाराचं पारडं जड केलं. नील चार्ल्सवर्थ यांना हे चित्र अतिरंजित वाटतं. त्यांच्या मते दंगे मर्यादित होते आणि गावातले बदल बरेच संथ होते. दोन्ही बाजूंची मदार सरकारी दप्तरावर आहे, ही त्यांची समान मर्यादा.

जोतीराव फुले यांचा ‘असूड’ दप्तराबाहेरून बोलतो. १८८३ साली पुरा झालेल्या या पुस्तकाची पाच प्रकरणं. पहिली दोन ‘दीनबंधु’त छापून आली, पुढली छापायचं संपादकांनी थांबवलं, आणि अख्खं पुस्तक जोतीरावांच्या हयातीत निघालंच नाही. साऱ्याबद्दल दाद मागायला गेलेला शेतकरी कलेक्टरच्या तंबूवरून निराश होऊन परततो, तो प्रसंग आणि त्याच्या घराचं वर्णन आजही अंगावर येतं. घरात काय आहे आणि काय नाही, याची यादी फुले एखाद्या पंचनाम्यासारखी करतात. पण माझ्या मते पुस्तकाचं खरं बळ त्याच्या उपायांत आहे. डोंगरावरचा पालापाचोळा आणि मातीचं सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतात यायचं, ते जंगलखात्याने रानं ताब्यात घेतल्यावर कसं थांबलं, हे त्यांनी दाखवलं. रिकाम्या वेळी पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून ताली आणि बंधारे घालून घ्या, असं सुचवलं. जमीन म्हणजे डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंतचा सगळा उतार, हे त्यांनी ओळखलं होतं. पाणलोटाचा विचार महाराष्ट्रात सरकारी योजना होऊन आला तो फार नंतर.

गावाची नोंद ठेवणारे

त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यातले. त्यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, जत्रा, सण, सावकारी, सगळं नोंदत ते एकाच निष्कर्षाकडे येतात: सगळ्यांचा भार कुणब्यावर आहे आणि हा गाडा आता ओढवत नाही. माहितीच्या बाबतीत या पुस्तकाला आजही तोड नाही. ग्रामीण महाराष्ट्रावर लिहिणारा प्रत्येक जण त्यातून घेतो.

पण आत्रे गावाकडे कुठून पाहतात हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याआधी १९११मध्ये त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ लिहिलं होतं. फिरस्त्यांकडे ते प्रशासनाच्या नजरेने पाहतात: जमीन नसलेला, एका जागी न राहणारा माणूस त्यांना उपद्रव वाटतो. त्याच माणसाचा जबाब मराठीत यायला पुढे साठ-पासष्ट वर्षं लागली.

याच काळात दोन जणांनी एकेक गाव धरून काम केलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ साली गावातली सरासरी धारणा ४० एकर होती. १९१५च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. शिवाय एकेकाचे ते ७ एकरही एका जागी नव्हते, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. पुढे १९४७मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, तो याच दुखण्यावर. दुसरे ना. गो. चापेकर. त्यांचं ‘बदलापूर’ १९३३चं. स्वतःच्या गावाचं इतकं बारकाईने केलेलं वर्णन मराठीत क्वचितच सापडेल. मानना उत्पन्नाचे आकडे हवे होते, चापेकरांना गावाचं सगळं जगणं. दोन्ही गावं आज ओळखू येणार नाहीत, इतकी शहरात बुडाली आहेत.

श्रद्धेच्या अंगाने जमिनीकडे पाहणारा धागा वेगळाच. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) भूमीच्या मातृरूपाचा आणि वारुळाच्या पूजेचा जो माग काढला, तो गोव्याच्या सातेरीपर्यंत पोचतो. जमिनीला आई मानणारी ही समजूत आणि विंगेटचा सर्वे नंबर एकाच शेतात नांदतात. आजही नांगर धरण्याआधी भुईला हात लावून नमस्कार करणारा शेतकरी त्याच दुपारी तलाठ्याकडे उतारा मागायला जातो.

कादंबरीतला मळा

ललित लेखकांनी हा प्रश्न हातात घेतला तेव्हा सुरुवातीला त्यात गावाचं कौतुक जास्त होतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) ते बाजूला सारलं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर गेलेला तरुण शिक्षक जे पाहतो ते तो सांगतो, रंगवत नाही. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. माणदेशी माणूस जमिनीला धरून बसत नाही, पावसामागे फिरतो, हे या छोट्या पुस्तकाने ठसवलं.

कोकणातलं नातं वेगळं, कारण तिथे खोती होती. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) जगबुडीकाठच्या खोत घराण्याची चार पिढ्यांची कथा सांगते, पण जमिनीकडे ती खोताच्या ओसरीवरून पाहते. कुळाची बाजू कळायची तर चरीच्या शेतकऱ्यांच्या संपाकडे (१९३३ ते १९३९) आणि डॉ. आंबेडकरांनी १९३७मध्ये मांडलेल्या खोती निर्मूलनाच्या विधेयकाकडे जावं लागतं. कायदा १९४९मध्ये झाला. त्या संपाच्या तोलाची कादंबरी मराठीत झाली नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१). नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याला ना घर ना बायको. बैल, म्हशी, कुत्रा, कोंबड्या, झाडं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरं एकेक करून विकली जातात, आणि नारबाला तिथे राहण्याचं कारण उरत नाही. कादंबरी सगळी त्याच्याच बोलीत आहे. त्या मळ्यातली प्रत्येक ताल, प्रत्येक जनावराचा स्वभाव त्याला ठाऊक आहे, मालकाला नाही. तरी निर्णय मालकाचा. जमिनीवर जीव कुणाचा आणि हक्क कुणाचा, हा भेद इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकाने दाखवला असेल असं मला वाटत नाही.

यादवांनीच पुढे ‘झोंबी’त (१९८७) उलट बाजू मांडली. कागलमध्ये दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरातला मुलगा शाळेसाठी बापाशी झगडतो, आणि इथे तोच मळा त्याला बांधून ठेवणारं दावं आहे. ग्रामीण साहित्याच्या चळवळीत यावर बराच वाद झाला. ग्रामीण लेखन गावाबद्दलची हळहळ जागवतं, की गावातून सुटू पाहणाऱ्यांची बाजू घेतं? दोन्ही कादंबऱ्या एकाच हातच्या आहेत, तेव्हा यातली एक निवडा असं म्हणणं मला पटत नाही.

ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं

आतापर्यंतच्या बहुतेक पुस्तकांत जमीन कुणाची तरी आहे. सत्तरच्या दशकापासून मराठीत आलेल्या पुस्तकांनी हे गृहीतच मोडलं.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांच्या १९४५च्या लढ्याचं. वेठ आणि लग्नगडी या प्रथा संपवायला निघालेली माणसं त्यात आहेत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबत राहायची. ज्या जमिनी पूर्वी त्यांच्याच होत्या, त्यांवर. पुस्तक कार्यकर्तीचं आहे आणि ते तसंच वाचावं. पण माणूस आपल्याच रानात पाहुणा कसा होतो, याचं इतकं जवळून केलेलं वर्णन दुसरीकडे मिळत नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) महार वतनाचा अर्थ घराघरात पोचवला. वतन कागदावर हक्क होतं, प्रत्यक्षात गावची चोवीस तासांची चाकरी. म्हणूनच डॉ. आंबेडकर १९२८पासून ते मोडायच्या मागे होते. १९५८च्या कायद्याने ती वतनं गेली आणि ठरलेली रक्कम भरून जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. शहरांलगतच्या या जमिनींचे व्यवहार अजून वादात आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी केलेले सत्याग्रह याच प्रश्नाचा पुढचा टप्पा होते. गावगाड्याने दिलेली जमीन नको, पण माणूस म्हणून जमीन हवी, ही त्यांची मागणी नीट वेगळी करून वाचायला हवी.

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७) आत्र्यांच्या फिरस्त्यांना बोलतं करतात. मिलिंद बोकीलांचं ‘कातकरी: विकास की विस्थापन?’ आणखी खाली जातं. शेतजमीन तर सोडाच, घर उभं आहे ती जागाही अनेक कातकरी वाड्यांत दुसऱ्याच्या नावावर असते. राहत्या जागेचा प्रश्न इतका उघडा असूनही त्यावर लिहिणारे थोडेच.

उठवलेली गावं

मुळशीचा सत्याग्रह १९२१चा, टाटांच्या धरणाविरुद्धचा. राजेंद्र व्होरांनी त्याचा इतिहास लिहिला. शेतकऱ्यांची बाजू, पुण्यातल्या पुढाऱ्यांची बाजू आणि सेनापती बापटांचा मार्ग यांत अंतर कसं पडत गेलं, हे त्यात दिसतं. मावळातल्या शेतकऱ्यांना जमिनी जाऊ द्यायच्या नव्हत्या. मध्यस्थी करणाऱ्यांतल्या काहींना चांगला मोबदला पुरेसा वाटत होता. पुढच्या शंभर वर्षांतला प्रत्येक धरणाचा वाद याच दोन भूमिकांमध्ये फिरत राहिला.

कोयना धरणानंतर इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी विस्थापितांची पाहणी केली. ती १९६९मध्ये इंग्रजीत निघाली. धरण झालं, वीज आली, पण उठवलेल्या कुटुंबांचं काय झालं हे घरोघर जाऊन विचारणारं काम त्या काळी दुर्मीळ होतं. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा चळवळीत रुजली आणि १९७६मध्ये महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) कायदा झाल्यानंतरची गोष्ट सांगते. जमीन कागदावर मिळते, प्रत्यक्षात ती खडकाळ निघते, आधीच कुणाच्या तरी ताब्यात असते, किंवा तिथलं गाव नव्याने आलेल्यांना पाणवठ्यावर येऊ देत नाही.

कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, जिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणखी वेगळ्या जागी जाते. गाव उठलं, जनावर मागे राहिलं आणि रानात रानटी झालं. ते आणायला गेलेल्या माणसाला दोन्हीकडचं काहीच आपलं राहिलेलं नाही. भरपाईच्या तक्त्यात न मावणारं नुकसान कसलं, हे ही कादंबरी एका म्हशीच्या आधारे दाखवते. विकास हवा की नको, या चर्चेत ती पडत नाही. धरणाचं पाणी मिळालेल्या गावांच्या बाजूनेही एक न्याय्य युक्तिवाद आहे आणि तो नाकारण्याचं कारण नाही. मात्र लाभक्षेत्रातल्या माणसाच्या तोंडून बुडीतक्षेत्राकडे पाहणारी कादंबरी अजून यायची आहे.

गोव्यात जमीन जाण्याची रीत वेगळी. तिथल्या गावकऱ्या, म्हणजे कोमुनिदादी, गावची जमीन सामाईक ठेवत, शेतं लिलावाने कसायला देत आणि शिल्लक गावकारांत झोण म्हणून वाटत. १५२६च्या पोर्तुगीज सनदेत त्या रिवाजांची नोंद आहे. पुंडलीक नायकांच्या ‘अच्छेव’ या कोंकणी कादंबरीत खाण गावात येते आणि शेतीबरोबर घरंही पोखरते. मराठी वाचकाने ती ‘झाडाझडती’शेजारी ठेवून वाचावी. एकीकडे सरकार उठवतं, दुसरीकडे पैसा.

मालकी, भाव आणि सामाईक रान

जमिनीच्या राजकारणात आज तीन भूमिका ठळक आहेत. पहिली, कसेल त्याची जमीन. १९४८चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन आणि १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा ही तिची फळं. तिच्या समर्थकांचं म्हणणं असं की या कायद्यांनी लाखो कुळांना मालक केलं आणि जे अपुरं राहिलं ते अंमलबजावणीत. दुसरी शरद जोशी आणि शेतकरी संघटनेची. मालकी मिळूनही शेती तोट्यातच जाणार असेल, तर वाटपाने दारिद्र्यच वाटलं जातं. भाव द्या, आणि जमीन घेण्या-विकण्याचं स्वातंत्र्य द्या. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) संघटनेची कादंबरी नाही, पण तिच्यातला शिकलेला, बेकार एकनाथ आणि कर्जात बुडालेलं त्याचं घर याच कोंडीत सापडलेलं आहे. मालकी आहे, म्हणून तर कर्ज आहे.

तिसरी भूमिका सामाईकतेची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास करून दाखवलं की नियम गावाने केले तर रान टिकतं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०१३मध्ये गावाने शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. मिलिंद बोकीलांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिली ती याच गावावर. आक्षेप असा घेतला जातो की एकजातीय, छोट्या, जंगलालगतच्या गावात जे जमलं ते ऊस पिकवणाऱ्या, चार जातींत विभागलेल्या गावात जमणार नाही. आक्षेप वजनदार आहे. पुरंदरमध्ये विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा दिला होता, हे त्याला अर्धं उत्तर आहे. पुरं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

जे लिहिलं गेलेलं नाही

दोन जागा मला रिकाम्या दिसतात.

एक बाईची. यातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ती शेतात राबते आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत तर जमिनीचं सगळं ज्ञान तिच्याच जिभेवर आहे. पण सातबारा उघडून पाहावा. वर गाव आणि गट नंबर; डावीकडे क्षेत्र आणि पोटखराबा, मधे भोगवटादाराचं नाव, उजवीकडे ‘इतर अधिकार’. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर नाव कमी झालं की त्याला कंस पडायचा आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर यायचा. बाप वारल्यावर बहिणींची नावं लागतात आणि हक्कसोडपत्रावर सही झाली की तीच नावं कंसात जातात. १९९४च्या राज्याच्या आणि २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलीला हक्क दिला. १९८६च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावलं. तरी माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या बहिणीच्या बाजूने लिहिलेलं मोठं पुस्तक आपल्याकडे नाही.

दुसरी जागा विक्रीची. महाराष्ट्रातली सरासरी धारणा १९७०-७१च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या तुकड्यावर घर चालत नाही, आणि शहर जवळ आलं की त्याच तुकड्याला कोटींचा भाव येतो. हिसकावून घेतलेल्या जमिनीवर मराठीत उत्तम पुस्तकं आहेत. स्वखुशीने, भावकीत भांडून, एजंटाच्या गाडीत बसून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही करून विकलेल्या जमिनीवर त्या तोडीचं पुस्तक नाही. गेल्या तीस वर्षांत पुणे, नाशिक, ठाणे, रायगडमध्ये हेच सर्वाधिक घडलं. ते लिहिणं अवघड आहे, कारण त्यात दोष द्यायला सरकार किंवा सावकार सापडत नाही, आणि ज्याने विकली त्यालाही पुरतं सुख किंवा पुरतं दुःख सांगता येत नाही.

मान यांनी पिंपळे सौदागरात घरोघर जाऊन जी माहिती गोळा केली, तिच्या पुढचं शतक आता घराघरांतल्या पेट्यांत पडून आहे: जुने उतारे, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं, खरेदीखतं. ती वाचून दाखवू शकणारी, कोणत्या बांधावरून कोण भांडलं आणि कोणत्या वर्षी कोणता पट्टा का विकला हे सांगू शकणारी सत्तर-ऐंशी वर्षांची माणसं अजून आपल्यात आहेत. आपल्या घरातली ती पेटी उघडा, त्यांच्याशेजारी बसा आणि ते सांगतील तसं लिहून घ्या.